महाजालात गुंतलेले तरुण मन

मार्च २००७ मध्ये पवईच्या आयआयटीने आपल्या वसतिगृहांतील इंटरनेट रात्री अकरा वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्या बातमीची परदेशातही दखल घेतली गेली होती. देशातील सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांच्या खोल्यांतून ही सोय काढून घेण्यामागे संस्थेने दिलेली कारणे साधी होती. मुले रात्र रात्र जागतात, सकाळच्या तासांना येत नाहीत, खेळ आणि सांस्कृतिक कार्यक्रमांतील त्यांचा सहभाग कमी झाला आहे आणि दोन दारे सोडून पलीकडे कोण राहते, याचाही त्यांना पत्ता नसतो. विद्यार्थ्यांमध्ये अर्थातच नाराजी उमटली.

त्या वेळी निदान बंद करण्यासाठी एक बटण तरी होते. इंटरनेट भिंतीतल्या तारेतून खोलीत येत असे आणि ती तार संस्थेच्या ताब्यात होती. आज ते बटण कोणाच्याच हाती उरलेले नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरची काही वर्षे ते तासाच्या दराने, सायबर कॅफेच्या लाकडी खोपट्यात बसून वापरायचे होते. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा कमालीचा स्वस्त झाला आणि इंटरनेट विद्यार्थ्याच्या खिशातून थेट उशीखाली पोहोचले. पवईत तेव्हा विचारला गेलेला प्रश्न मात्र तसाच आहे. वापर कधी अतिरेक ठरतो? आणि अतिरेकामुळे मन बिघडते, की बिघडलेले मन तिथे आसरा शोधते?

विनोदातून जन्मलेली व्याधी

'इंटरनेटचे व्यसन' या शब्दप्रयोगाचा जन्म एका विनोदातून झाला. न्यूयॉर्कमधील मानसोपचारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये मानसिक विकारांच्या अमेरिकी सूचीची नक्कल करीत 'इंटरनेट व्यसन विकार' असा एक काल्पनिक आजार लक्षणांसह रचला. थट्टा म्हणून लिहिलेला तो मजकूर वाचून अनेकांनी 'मला हाच आजार आहे' असे त्यांना कळवले. गोल्डबर्ग स्वतः मात्र या स्थितीला व्यसन म्हणावे, या मताचे नव्हते.

विषयाला गंभीर वळण दिले ते पिट्सबर्ग विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी. १९९६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या टोरांटो येथील अधिवेशनात त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. जुगाराच्या व्यसनाचे निकष समोर ठेवून त्यांनी आठ प्रश्न तयार केले होते. त्यांपैकी पाच किंवा अधिक प्रश्नांना 'होय' असे उत्तर देणारी व्यक्ती इंटरनेटवर अवलंबून आहे, असे त्यांनी मानले. पुढे त्यांनी वीस प्रश्नांची चाचणी सिद्ध केली. भारतातील बहुतेक पाहण्या आजही तिच्याच आधारे होतात.

विकार की सवय?

तीस वर्षांनंतरही तज्ज्ञांत पूर्ण एकमत नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या सूचीत फक्त 'इंटरनेट गेमिंग विकार' नोंदवला, तोही अधिक अभ्यास आवश्यक असलेल्या विषयांच्या परिशिष्टात. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'गेमिंग विकारा'ला अधिकृत स्थान मिळाले. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य देणे आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे, ही त्याची तीन प्रमुख लक्षणे. ती साधारणपणे बारा महिने टिकून असावीत आणि त्यामुळे शिक्षण, काम किंवा नातेसंबंध स्पष्टपणे बाधित झालेले असावेत, अशीही अट आहे.

समाजमाध्यमे, चित्रफिती, गप्पा किंवा नुसतीच भटकंती यांच्या अतिवापराला मात्र या दोन्ही सूचींत स्वतंत्र आजाराचा दर्जा नाही. म्हणूनच अनेक तज्ज्ञ 'व्यसन' हा शब्द टाळून 'समस्यात्मक वापर' असे म्हणतात. हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. मोबाइल हातातून न सोडणाऱ्या प्रत्येक मुलावर 'व्यसनी' असा शिक्का मारला, तर ज्याला खरोखर उपचारांची गरज आहे तो त्या गर्दीत हरवून जातो.

तास मोजून भागत नाही

पालकांचा पहिला प्रश्न असतो, "दिवसाला किती तास चालतील?" या प्रश्नाला नेमके उत्तर नाही. यंग यांच्या सुरुवातीच्या पाहणीत ज्यांना 'अवलंबून' ठरवण्यात आले, ते अभ्यास व नोकरी सोडून आठवड्याला सरासरी ३८.५ तास इंटरनेटवर घालवीत होते. दिवसाला साधारण साडेपाच तास. त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता. आज टिपणे, प्रवेशअर्ज, बँकेचे व्यवहार, गाणी, बातम्या आणि मैत्री हे सारेच एका पडद्यावर आलेले असताना निरोगी विद्यार्थीही त्याच्या जवळपास सहज पोहोचू शकतो.

म्हणून तासांपेक्षा लक्षणांकडे पाहणे अधिक उपयोगाचे. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाचे मार्क ग्रिफिथ्स यांनी कोणत्याही वर्तनाच्या व्यसनासाठी सहा घटक सांगितले आहेत. ते विद्यार्थ्याच्या भाषेत असे मांडता येतील :

- व्याख्यानात, जेवताना, मित्रांत असतानाही मनात तोच विचार घोळत राहणे.
- उदास, चिडलेले किंवा रिकामे वाटले की हात आपोआप मोबाइलकडे जाणे.
- पूर्वी अर्ध्या तासात मिळणारे समाधान आता तीन तासांनीही न मिळणे.
- नेट बंद पडले किंवा मोबाइल काढून घेतला, की बेचैनी, संताप, झोप न येणे.
- त्यावरून घरी, मैत्रीत, अभ्यासात आणि स्वतःच्या मनाशीही खटके उडणे.
- कमी करण्याचा निश्चय वारंवार करणे आणि वारंवार मोडणे.

एखादे लक्षण अधूनमधून दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. सहाही एकत्र आणि महिनोन् महिने दिसत असतील, तर मात्र ही बाब गंभीर आहे.

आपल्याकडील चित्र

मुंबईतील मानसोपचारतज्ज्ञांनी शहरातील ९८७ विद्यार्थ्यांची केलेली पाहणी २०१३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री'त प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांचे सरासरी वय १७ च्या आतबाहेर, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयातले. त्यांपैकी ७४.५ टक्के मध्यम वापर करणारे निघाले. यंग यांच्या निकषांनुसार व्यसनी ठरले ते ०.७ टक्के. मात्र ज्यांचा वापर अतिरेकी होता, त्यांच्यात चिंता आणि नैराश्याचे प्रमाणही अधिक आढळले.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली दुसरी पाहणी बंगळुरू, मंगळुरू आणि त्रिशूर या तीन शहरांतील १,७६३ वैद्यकीय विद्यार्थ्यांची. तिच्यात सौम्य स्वरूपाचा अतिवापर २७ टक्क्यांत, मध्यम स्वरूपाचा १०.४ टक्क्यांत आणि तीव्र स्वरूपाचा ०.८ टक्क्यांत दिसला. येथेही अतिवापर आणि मानसिक ताण हातात हात घालून चालताना दिसले.

दोन्ही पाहण्यांची शहरे, वर्षे आणि विद्याशाखा निराळ्या. तरीही तीव्र गटाचा आकडा शंभरात एकाहूनही कमी, हे साम्य लक्षणीय आहे. 'सारी पिढी व्यसनी झाली' ही ओरड त्यामुळे खरी ठरत नाही. पण दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात या हिशेबाने पंधराएक मुले गंभीर अवस्थेत असू शकतात आणि त्यांच्याभोवती उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांचे मोठे वर्तुळ असते, हेही त्याच आकड्यांतून निघते.

आधी काय, नंतर काय?

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असे म्हणता येत नाही. त्यासाठी त्याच मुलांकडे काही काळाने पुन्हा जावे लागते. असे दोन अभ्यास उद्बोधक आहेत.

तैवानमधील संशोधकांनी दोन हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांचा दोन वर्षे मागोवा घेतला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुरुवातीलाच नैराश्य, चारचौघांची भीती, शत्रुत्वाची भावना किंवा 'एडीएचडी' या नावाने ओळखला जाणारा अतिचंचलतेचा व अवधानाचा विकार असलेली मुले पुढे इंटरनेटच्या आहारी जाण्याची शक्यता अधिक असल्याचे दिसले. म्हणजे मनाचे दुखणे आधी, जाळे नंतर.

चीनमधील ग्वांगझू येथे १,०४१ विद्यार्थ्यांवर झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उलट बाजू दाखवतो. सुरुवातीला मनःस्वास्थ्य चांगले असलेल्या, पण इंटरनेटचा विकृत म्हणावा इतका वापर करणाऱ्या मुलांमध्ये नऊ महिन्यांनी नैराश्य उद्भवण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट होती. म्हणजे जाळे आधी, दुखणे नंतर.

दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडून काढत नाहीत, ते एकाच चक्राचे दोन अर्धे भाग आहेत. एकटे वाटते म्हणून मुलगा नेटवर जातो. रात्र सरते, झोप होत नाही, सकाळचे तास बुडतात. हजेरी घटते, परीक्षेची भीती वाढते. ती विसरण्यासाठी तो पुन्हा नेटवर जातो. चक्र कुठून सुरू झाले हे त्यालाही सांगता येत नाही, पण ते कोठे तोडायचे हे ठरवताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

समाजमाध्यमांबाबतही असाच पुरावा आहे. फेसबुक २००४ मध्ये हार्वर्डमध्ये सुरू झाले आणि नंतर अमेरिकेतील एकेका महाविद्यालयात पसरत गेले. या टप्प्याटप्प्याच्या प्रसाराचा उपयोग करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात, ज्या महाविद्यालयांत ते पोहोचले तेथील विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य खालावल्याचे आणि इतरांशी सतत होणारी तुलना हे त्याचे संभाव्य कारण असल्याचे दिसून आले.

हेच वय का?

महाविद्यालयाचे पहिले वर्ष म्हणजे घरची शिस्त सुटण्याचे आणि स्वतःची शिस्त अजून न लागण्याचे वर्ष. तासांच्या मध्ये मोकळा वेळ असतो, झोपेला जा असे सांगणारे कोणी नसते. लातूर, नंदुरबार किंवा चिपळूणहून पुण्या-मुंबईत आलेल्या मुलाला वर्गातली इंग्रजी, राहणीतली तफावत आणि बारावीतल्या पहिल्या क्रमांकाची एकदम संपलेली किंमत, हे सारे एकाच वेळी पेलायचे असते. पडद्यावर त्याला कोणी हसत नाही. खेळात तो दरारा असलेला गडी असतो, गप्पांत हजरजबाबी असतो. जे बाहेर मिळत नाही, ते तिथे मिळते.

त्यातच या माध्यमांची घडणही गुंतवून ठेवणारी आहे. बक्षीस नेमके केव्हा मिळेल हे ठाऊक नसेल, तर प्राणी तीच कृती अधिक चिकाटीने करीत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवले होते. पुढच्या खेपेला नवा संदेश, नवी पसंती किंवा नवी चित्रफीत असेल की नाही, ही अनिश्चितता नेमके तेच काम करते. पानाला शेवटच नसेल, तर थांबण्याची खूणही मिळत नाही.

सर्वांत पहिला घाला पडतो तो झोपेवर. अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या, बारा जणांच्या प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सरासरी दहा मिनिटे अधिक लागली आणि झोपेशी निगडित मेलाटोनिन या संप्रेरकाचे प्रमाणही घटले. दहा मिनिटे फार नव्हेत. खरे नुकसान होते ते 'अजून एकच' म्हणत लांबलेल्या दोन-तीन तासांचे. अपुऱ्या झोपेने चिडचिड, विसराळूपणा आणि उदासी वाढते, आणि ही लक्षणे पाहून घरचे म्हणतात, मुलगा आळशी झाला.

बंदीने काय साधले?

बटण बंद करण्याचे प्रयोग पवईपुरते मर्यादित राहिले नाहीत. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ खेळण्यास कायद्याने मनाई केली. मुले आईवडिलांच्या नावाने खाती उघडू लागली आणि खेळ संगणकावरून मोबाइलवर सरकले. जानेवारी २०२२ मध्ये हा कायदा रद्द झाला. चीनमध्ये 'नेटमुक्ती'च्या नावाखाली मुलांना विजेचे झटके देण्यापर्यंत मजल गेली आणि २००९ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाला ती पद्धत थांबवावी लागली. त्याच वर्षी अशा एका शिबिरात मारहाणीने एका किशोरवयीन मुलाचा मृत्यू झाला.

भारतात केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिलेला निकाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत मोबाइल वापरण्यास मनाई होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढण्यात आले. इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे सांगत न्यायालयाने तिला परत प्रवेश देण्याचा आदेश दिला. शिस्त असावी, पण ती प्रौढ विद्यार्थ्याचे शिकण्याचे साधनच काढून घेणारी नसावी, असा त्याचा आशय.

बंदी आणि आपखुशीने घातलेली मर्यादा यांत मात्र फरक आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काहींना फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट यांचा वापर प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटांवर आणण्यास सांगितले गेले. तीन आठवड्यांनी त्यांचे एकाकीपण आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली होती. आधीपासून अधिक उदास असलेल्यांना त्याचा विशेष लाभ झाला. पूर्ण संन्यास न घेताही फरक पडतो, हा त्याचा दिलासा.

काय करावे?

उपचारांचे ध्येय दारूप्रमाणे संपूर्ण त्याग हे नसते. इंटरनेटशिवाय आजचे शिक्षण अशक्य आहे, तेव्हा ताबा परत मिळवणे हेच उद्दिष्ट. समुपदेशनात प्रामुख्याने बोधनात्मक वर्तनोपचार पद्धती वापरली जाते. नेटकडे धाव घेण्याआधी मनात कोणता विचार येतो, हे ओळखून तो बदलण्याचा सराव केला जातो. मुळाशी नैराश्य, चिंता किंवा अतिचंचलता असेल, तर त्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतात.

विद्यार्थ्याला स्वतः करता येण्याजोगे :

- आठवडाभर किती वेळ, कोणत्या वेळी आणि कोणत्या मनःस्थितीत नेट वापरले, याची वहीत नोंद ठेवावी.
- मोबाइल उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. गजरासाठी साधे घड्याळ आणावे.
- अनावश्यक सूचना बंद कराव्यात. मोबाइलने बोलावल्यावर नव्हे, आपण ठरवू तेव्हा पाहावे.
- काढलेला वेळ रिकामा ठेवू नये. मैदान, वाद्य, एकांकिकेची तालीम, काहीही चालेल. मात्र त्यात माणसे असावीत.

पालकांनी आणि शिक्षकांनी मोबाइल हिसकावण्याआधी एक प्रश्न विचारावा : हा सुरू होण्यापूर्वी काय घडले होते? नापास होणे, प्रेमभंग, रॅगिंग, घरातला कलह, पैशांची चणचण यांपैकी काही हाती लागण्याची शक्यता असते. रागावून तो दरवाजा बंद होतो. मुलगा जेवण, अंघोळ, तास सगळेच टाळू लागला, पैसे गमावू लागला किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर मात्र वाट पाहू नये.

मदत कोठे मिळेल?

बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट क्लिनिक' हा स्वतंत्र विभाग २०१४ मध्ये सुरू झाला. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये वर्तनविषयक व्यसनांसाठीचे उपचार केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. मात्र त्यासाठी दूर जाण्याची गरज बहुतेकांना नसते. मुंबईत केईएम, नायर, शीव आणि पुण्यात ससून अशा सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक प्रयोग सुरू केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला, की गावाने दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बाजूला ठेवायचे. पवईतल्या बटणाशी या भोंग्याचे साम्य आहे, पण फरक मोठा आहे. तेथे एकट्या विद्यार्थ्यांचे नेट बंद झाले होते, येथे थोरामोठ्यांनीही मोबाइल खाली ठेवायचा होता. हातातला पडदा विझल्यावर समोर बोलायला कोणी असेल, तरच तो विझवण्याचे बळ तरुण मनाला येते.